तिसरा दात

अ‍ॅसिडची बाटली आधी जागेवर ठेव, नाहुएल.
ही सिमेंटची फरशी. रंग फक्त वरच्या
चार मिलिमीटरांत. व्हिनेगरसुद्धा खातं तिला.
गरम पाणी, जुने टॉवेल आणि दम,
एवढ्यावर सगळं निघतं,
दमाचा तुटवडा नसला तर.

किटल्या दोन आहेत. निळी उकळू द्यायची, ती खळीसाठी.
चेपलेली आपल्या येर्बासाठी, तिच्यात बुडबुडा आला
की पानं करपली आणि माझं डोकंही.

टॉवेल पिळू नकोस. निथळता पसर,
वर प्लास्टिक, वर वीट. वीस मिनिटं.
तोवर पुढची रांग घे.
मग पातं असं, जवळजवळ आडवं,
थंडीतलं लोणी खरवडतात तसं.
उभं धरलंस तर ओरखडा फरशीवर उठतो
आणि अल्सिदेस तुझ्या पगारावर.

बघ, सुटली.
काकवीसारखी तपकिरी, वास मात्र ओल्या कुत्र्याचा.
खाली निळं पान. विटकरी पाकळीची कड.
पन्नास वर्षं लिनोलियम होतं वर,
पन्नास वर्षं या पाकळीवर कुणाचा पाय नाही.
ही झिजलेली? ही सिंकपुढची.
लिनोलियमच्या आधीची कुणी बाई
इथे उभी राहायची, उजव्या पायावर भार देऊन.

थांब. हिच्यावर पाणी नको अजून.

खळीच्या रेघा दिसतात? कंगवा फिरवल्यासारख्या?
करणीला दात असतात, त्यांच्या.
कमानी कुठून कुठे वळतात बघ. माणूस डावखुरा.
आता मोज.
एक, दोन, मग हा जाड पट्टा, मग पुन्हा बारीक.
तिसरा दात नाही करणीला.

तो दात मी मोडला.
नऊ वर्षांची होते, पीचचा डबा उघडायचा होता,
हाताशी तीच होती.
बाप काही बोलला नाही. डबा मात्र त्याने उघडून दिला.
नवी करणी त्याने कधी घेतली नाही;
पैसे नव्हते की हात तिला सरावला होता, देव जाणे.
पुढची अकरा वर्षं ला तेहापासून सेर्रोपर्यंत
ज्या घरात लिनोलियम आलं
त्या घरात ओलेगारिओ गुडघ्यांवर.
लोकांना फुलं नकोशी झाली होती. जुनाट वाटायची.
एका फडक्यात पुसता येईल असं काहीतरी हवं होतं.
रात्री सूप फुंकता फुंकता तो सांगायचा,
आज फार देखणी जमीन झाकली.

हे सातवं घर त्याचं, माझ्या हाताखाली आलेलं.
अल्सिदेसला ठाऊक नाही. तूही बोलू नकोस,
नाहीतर तो गिऱ्हाइकाला गोष्ट सांगेल
आणि पेटीमागे दोनशे पेसो वाढवेल.

काय? बाजूला ठेवू म्हणतोस?
कशाला?
पेटीत चोवीस मोजून जातात. तेवीस गेल्या
तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
दाराशी एक भोक राहणार.
आणि अर्धवट काम भिंतीला टेकवलेलं दिसलं
तर पहिली शिवी ओलेगारिओचीच.

जुलै आहे, पाणी लगेच निवतं.
आण ती किटली. निळी रे, निळी.
मधोमध ओतू नकोस.
आधी जाड पट्ट्यावर,
तो उशिरा भिजतो.