सातवी पायरी

नोव्हेंबर. बटाटे निघून गेलेले, शेतं काळी,
सेंट जॉन नदीपलीकडे कॅनडाचे दिवे चारलाच लागलेले.
गाडीच्या डिकीत तीनशे पत्रकं, इंग्रजी आणि फ्रेंच,
दोन्हींवर तोच हसरा म्हातारा, हातात लालभडक सफरचंद.
मेनच्या या टोकाला इतका चकचकीत म्हातारा
मी तरी पाहिलेला नाही.

लाँड्रीत लावलं, चर्चच्या तळघरात लावलं,
टायरच्या दुकानात मालक म्हणाला,
लाव, पण कुणी वाचताना दिसणार नाही तुला.
दिसत नाहीच. खालच्या फोन नंबरच्या चिठ्ठ्या मात्र
सोमवारपर्यंत फाडून नेलेल्या असतात.

ओडील पेलत्ये, वय एक्याऐंशी, यादीत सतरावी.
दार उघडायच्या आत म्हणाली, सरकारची भीक नको.
(कुत्रा मात्र तिनंच आवरला.)
माझ्याहून गरजवंत आहेत, त्यांना द्या.
हे मी रोज ऐकते. जिथं जाते
तिथले सगळे पुढच्या घराकडे बोट दाखवतात,
आणि रस्ता संपतो तिथं नुसती नदी असते.

मी म्हटलं, तुम्ही नाही घेतलंत म्हणून
दुसऱ्याच्या ताटात एक घासही जास्त पडत नाही.
ती गप्प. मग म्हणाली, कॉफी घेशील?
डब्याच्या तळाशी चमचा खरवडला
तो मी ऐकलाच नाही.

अर्ज सरळ चालला होता. जन्मतारीख. भाडं नाही.
चिप्सच्या कारखान्यातली तीस वर्षं एका ओळीत मावली.
मग, घरात आणखी कोण राहतं?
वर माझा भाऊ. रोझेर.
अन्न एकत्र विकत घेता? एकत्र शिजवता?
आम्ही बोलतसुद्धा नाही, ती म्हणाली. एकोणीस वर्षं.

ट्रॅक्टर.
वडील गेले, आणि ट्रॅक्टर कुणी विकला, कुणाला न विचारता.
सगळं सांगितलं तिनं, किमतीसकट.

म्हणजे चूल वेगळी. मी खूण करणार, इतक्यात ती उठली.
कुट्टूच्या पिठाची धिरडी, इथं त्यांना प्लॉय म्हणतात,
एकाच अंगानं भाजायची, उलटायची नाहीत.
चार थाळीत रचली, वर दुसरी थाळी पालथी घातली,
जिन्याच्या सातव्या पायरीवर नेऊन ठेवली.
सहावीवर फोडलेली लाकडं होती, दोरीनं बांधलेली.
ती तिनं उचलली. वर पाहिलं नाही.

हे काय? मी विचारलं.
काय हे? उरलेलं.

माझ्या पेनाखाली दोन चौकोन. होय. नाही.
प्रशिक्षणात दोन दिवस शिकवलं होतं आम्हाला,
भाडेकरू, सावत्र मुलं, सैन्यातून परतलेला नातू.
सातव्या पायरीबद्दल कुणी बोललं नव्हतं.

वर गेले. दार बोटभर उघडलं.
एक डोळा, लोकरी टोपी, पाइपचा शिळा वास.
सफरचंदवाल्याकडे पाहून त्यानं नाक फेंदारलं.
तिनं भरला का अर्ज?
मला सांगता येत नाही.
भरायला हवा. तिला शुगर आहे.
आणि दुपारची ती जेवत नाही,
खालून भांड्यांचा आवाज येत नाही.

त्याचा अर्ज मी जिन्यात बसून भरला, मांडीवर फाइल घेऊन.
एकत्र शिजवता?
खाली कोण राहतं मला ठाऊक नाही, म्हणाला,
आणि कालची थाळी माझ्या हातात दिली,
धुतलेली, कडा पुसलेली.
जाताना ठेव पायरीवर.

ऑफिसात विचारलं, एकच पत्ता, दोन अर्ज,
घर एक की दोन?
दोन, मी म्हटलं. नियमानं दोनच होती ती.
खरं बोलून खोटं बोलल्यासारखं वाटलं,
संध्याकाळभर.

जानेवारीत दोन पाकिटं गेली, दोन कार्डं.
पोस्टमन सांगत होता, पेटी एकच आहे तिथं.
ओडील आपलं काढून घेते,
दुसरं आतच ठेवते, जरा मागे सरकवून,
बर्फ लागणार नाही असं.