बाकी

माझ्याकडे अकरा आहेत.
मिटले की चपटे, थोराड चष्म्याच्या घरासारखे.
वरचं टोक चिमटीत धरून उचललं
की खट्‌,
रबरी भाता ताणून ताठ उभे राहतात,
वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखे.

लोक म्हणतात, सगळे एकच तर आहेत.
नाही हो.
हा पहिल्या खेपेचा. याच्या काचेत
दुभंगलेलं वर्तुळ नाही, अंदाजानं नजर लावायची.
वर्तुळ मागाहून आलं :
नाकाचा वरचा भाग इकडे, खालचा तिकडे,
चाक फिरवत फिरवत माणूस जुळवायचा.
हा पांढरा, प्लास्टिकचा, जरा स्वस्तातला.
हा तर भिंगातून बघूच देत नाही,
बाजूला वेगळी खिडकी दिलीय, डोकवा.
याला पट्ट्याची कडी आहे, त्याला नाही.
एवढ्या कडीसाठी मी नडियादला दोनदा गेलो.
कपाळावर सोनेरी जाळी मिरवणारा हा
वटवाघळासारखा आवाज सोडून अंतर मोजतो.
याचं कातडं खरं.
त्याचं नकली, हात लावला की बोटांना
काळं पीठ लागतं.

वहीत एक रकाना आहे, "फरक".
हेमलता म्हणते, त्यात मलाही लिहा कधीतरी,
लग्नातली आणि आत्ताची.

सगळे न्यू जर्सीहून आलेले.
मोटेल चालवणारे मामा, काका,
चॉकलेटच्या डब्यांबरोबर, साड्यांच्या घडीत
घेऊन आले, पेटलादला, करमसदला, बडोद्याला.
दहा फोटो झाले, वीस झाले.
पुढे फिल्म कुणी पाठवली नाही.
मग कपाट.

कारेलीबागेतल्या इलाबेन अमीन म्हणाल्या,
"घाटगेभाई, आमचापण घेऊन जा.
पण एक बाकी छे एमां."
पाहिलं. मागच्या इवल्या खिडकीत
आकडा : एक.
सत्त्याऐंशीच्या उत्तरायणाला दीर येणार होता,
गच्चीवर सगळ्यांचा एकत्र काढायचा
म्हणून राखून ठेवलेला.
दीर आला नाही.
नंतर सासरे नव्हते, नंतर नवरा नव्हता,
गच्चीवर आता शेजाऱ्यांची टाकी आहे.

फिल्मच्या डब्यातच त्याची बॅटरी असते,
ती मेलेली, कधीचीच.
रात्री मोरीचा दिवा घालवून,
दाराच्या फटीत टॉवेल कोंबून
मी चाचपडत नवी घातली.
वर काळा पुठ्ठा सरकवला,
म्हणजे यंत्राची समजूत पटते
की डबा कोरा आहे.
पुठ्ठा बाहेर फेकून ते गप्प बसलं.
हेमलता बाहेरून विचारत होती, झालं का, मला जायचंय.

रविवारी इलाबेन बांधणी नेसून बसल्या.
म्हणाल्या, जरा थांबा, आणि
शेजारची खुर्ची ओढून घेतली. रिकामीच.
मी चाक फिरवलं. वर्तुळातले दोन तुकडे
एकमेकांवर येऊन बसले.
दाबलं.
पस्तीस वर्षांनी ती मोटर ओरडली,
आणि जीभ काढल्यासारखा बाहेर आला
एक चौकोन.

आतलं रसायन केव्हाच वाळलेलं.
एका कडेनं तपकिरी डाग पसरत गेला,
नेच्याच्या पानासारखा, अर्ध्यावर अडला.
बाकी सगळं राखी.
मी माफी मागायला तोंड उघडलं तर
त्या म्हणाल्या, "थांबा ने, येईल."
चहा झाला. सेव-उसळ झाली.
त्यांनी फोटो खिडकीशी नेला, उलटा धरला, सुलटा धरला.
काय दिसलं ते सांगितलं नाही.

मग कॅमेरा उचलून मागची खिडकी बघितली.
"घाटगेभाई, आ तो नऊ दाखवतोय."

मला सांगायला हवं होतं
की दार उघडलं की तो आकडा विसरतो,
पुन्हा दहापासून मोजायला लागतो,
आत काहीही नसलं तरी.
मी सुपारी चघळत राहिलो.

"नऊ बाकी आहेत तर
राहू दे इथेच," त्या म्हणाल्या,
आणि वरचं टोक दाबून
पहिल्या झटक्यात, कधी न विसरल्यासारखा,
मिटला.

माझ्याकडे अकराच आहेत.