खाडा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात,
मी मोजते तो माल दिसत नाही.
स्टोअरचे रमणकाका बोल्ट मोजतात, गॅस्केट मोजतात,
पोतं जमिनीवर ओतून, चार-चारचे ढीग करून.
माझ्या मालाला ढीग नाही.
तो कुठल्या तरी कॉम्प्युटरच्या पोटात
लांबलचक किल्ली गिळून गप्प बसलेला असतो.

तीस मार्च. उद्या यादी वर जायची.
चाकाच्या खुर्चीवरून मी टेबलामागून टेबल सरकते,
एकेकाला जागं करून विचारते :
काय काय आहे तुझ्यात? कुणी टाकलं? कुणासाठी?
शेवटचं कधी उघडलं?
बहुतेक खरं सांगतात.
माणसांपेक्षा लवकर सांगतात.

नकाशे काढायच्या प्रोग्रॅमचे विकत घेतलेले परवाने त्रेचाळीस.
संध्याकाळी माझ्याकडे सत्तेचाळीस.

हसमुखभाईंनी चश्मा कपाळावर चढवला.
"घारेबेन, त्रेताळीस लखी नाखो ने."
माणूस वाईट नाही.
मुलीच्या फीचा अ‍ॅडव्हान्स त्यांनीच दुपारच्या आत पास केला होता.
मी "जोऊं छूं" म्हणाले आणि चार शोधायला निघाले.

एक कॅन्टीनमध्ये. तिथे फक्त कुपनं छापतात.
"कोई दिवस काम लागे," म्हणत तळणवाला मला सेव-उसळ देऊ लागला.
एक, सोडून गेलेल्या ट्रेनी पोराने रात्रपाळीत उतरवलेला.
एक माझीच चूक :
दिवाळीत नाव बदललेला कॉम्प्युटर
जुन्या नावानेही यादीत नांदत होता.
तो खोडताना कान गरम झाले.

चौथा स्टोअरमागे, प्लास्टिकच्या झाकणाखाली.
पंखा खोकला, मग पडदा उजळला.
नोंदणी : य. वि. माहूरकर, ड्राफ्ट्समन.
शेवटचा वापर : अकरा ऑगस्ट, पाच चाळीस.
दोन वर्षं होतील आता.
आम्ही सगळे गेलो होतो तेव्हा, फुलं घेऊन.

शेवटचा नकाशा व्हॉल्व्हचा नव्हता.
तीन पायऱ्यांवरून उतरणारा एक उतार,
बारा फुटांना एक फूट,
डाव्या हाताला कठडा, मधे एक सपाट थांबा.
कोपऱ्यात बारीक अक्षरात : खुर्ची वळायला जागा ठेवणे.
शियाबागेतून जाते मी रोज. तो उतार आहे तिथे.
कधी कधी माहूरकरकाकू त्या थांब्यावर
खुर्ची आडवी लावून भाजी निवडत बसलेल्या असतात.

कंपनीचा परवाना, घरचं काम.
त्याला रकाना नाही माझ्याकडे.

आई दुधाचा हिशेब कॅलेंडरवर ठेवायची.
भय्या आला नाही त्या दिवशी फुली, म्हणजे खाडा.
एकदा पातेलं लवंडलं, दोन लिटर मोरीत.
मी म्हटलं, आज खाडा मांड की.
आई म्हणाली, आलं ते आलं.
सांडलं तो आपला हिशेब.

नकाशाचा एक कागद छापून घेतला, पर्समध्ये ठेवला.
"नक्की काढू?" कॉम्प्युटरने विचारलं.
दोनदा विचारतो तो. दोनदा हो म्हणाले.

मग लिहिलं :
खरेदी त्रेचाळीस. आढळले सेहेचाळीस. आज काढले तीन.
आता पत्र येईल. कदाचित तिघांचे पैसेही भरावे लागतील.
माहूरकरांच्या ओळीत, शेऱ्याखाली,
हात आपसूक मराठीत वळला :
बारा ऑगस्टपासून खाडा.

हसमुखभाईंनी यादी वाचली, परत वाचली.
सही करायचं पेन हवेतच.
"आ खाडा शुं? रस्तामां पडे छे ए?"
नाही हो, ते खड्डे, मी म्हटलं,
आणि दुधाचं सांगायला बसले,
तर ऑफिसातले दिवे जायची वेळ झाली.