ऐंशी रुपयांना जोडी

मुरारच्या सदर बाजारात तारे मिळतात, पितळी,
ऐंशी रुपयांना जोडी.
पलटण कुठली, कुणी विचारत नाही.
लघाटे सरांनी तीन जोड्या घेतल्या.

सोमवार ते शुक्रवार भूगोल,
शनिवारी किशोर दलाचे कॅप्टन.
मी फाटकावर.
एकोणीस वर्षांत बाहीवर तीन फिती आल्या,
तिसरी आली तोवर गुडघा गेला होता.

‘कॅप्टन साहेब आले’ म्हणतात पोरं,
आणि माझा हात आपोआप उठतो.
अर्ध्यात पकडतो त्याला,
टोपी सारखी केल्यासारखं करतो.

बायको म्हणते, तुम्हीही आणा की एक जोडी.
तिला काय सांगू?
सुभेदार फाळक्यांचे दोन्ही खांद्यांवरचे काढून
आम्ही पाकिटात घातले होते.
त्यांच्या आईनं पाकीट उघडलं नाही,
नुसतं हातावर तोलून पाहिलं.

काल परेडआधी सर थांबले माझ्यापाशी.
‘डावीकडचा सारखा कलंडतोय हो, बघता जरा?’
घामेजलेले. कॉलरला खडू.
वाकडं मला बघवत नाही, ती खोडच.
पिन काढली, अंगठ्यानं अंतर धरलं,
तिन्ही एका रेषेत बसवले.
‘थँक यू, हवालदार.’
अगदी कॅप्टननं म्हणावं तसं.

किल्ल्यामागून ऊन मैदानात उतरलं,
पोरं सावधान, तारे लखलखीत.

रात्री अंगठा नाकाशी नेला.
ब्रासोचा वास नव्हता.
दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा होता.