चालू काळ

सदरच्या क्लासमध्ये खोब्रागडे मॅडमनी
माझ्या वाक्यावर लाल पेन फिरवलं.
आय ॲम रिमेम्बरिंग माय ब्रदर.
असं नाही म्हणत, ताई. नुसतं आय रिमेम्बर.
हे क्रियापद तिकडे चालू ठेवत नाहीत.

मी विचारलं, मग आठवण येते त्याचं काय?
त्या जरा थांबल्या.
इंग्रजीत ती येत नाही, म्हणाल्या,
आपणच काढायची.

वहीत लिहिलं, आय रिमेम्बर गोवर्धन.
बरोबर. पहिली मी,
तो शेवटी, पूर्णविरामाला टेकून.

घरी आले. मे महिना, दुपारचे चार.
कूलरच्या टाकीत पाइप सोडला,
वाळा भिजला तसा
बनियनवर, खांद्यावर पंचा, हा हजर :
‘बाई, पानी सांडून राह्यलं ना वो!’
सांडतच होतं.

पुढल्या महिन्यात त्याची पोरगी येईल टोरांटोहून.
तिला बाप फोटोतलाच माहीत.
डू यू रिमेम्बर हिम, विचारेल.
येस, आय डू, म्हणेन मी,
मॅडमना लाल पेन उघडावं लागणार नाही असं.

आणि मग पाइप तिच्या हाती देईन.
धर. टाकी भरू दे.
येऊन राह्यला तो.