कर्ता

दर मंगळवारी महापालिकेच्या सभागृहात
माझ्या हाताशी तीन दिवे असतात.
हिरवा: बोला. पिवळा: आवरा.
लाल लागला की माइक बंद.
माणशी दोन मिनिटं.
एकोणीस वर्षं मी हेच बटण दाबतेय
आणि रात्री घरी बसून इतिवृत्त टाइप करतेय.

एरवी चार-दोन जण येतात.
कुणाच्या गल्लीतला बर्फ उचललेला नसतो,
कुणाला शेजाऱ्याचा कुत्रा झोपू देत नाही.
आज यादीत एकशे बारा नावं.
जिन्यावर रांग, फाटकाबाहेर रांग,
मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात
काहींच्या हातात त्या पोराचा फोटो,
काहींच्या कोटावर निळी फीत.
कॉफी दोघांनाही एकाच थर्मासमधून दिली,
दुसरा नव्हताच.

पहिले उठले अँब्रोझ व्हिटलो,
शाळेत चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेले.
पोलिसांचं पत्रक त्यांनी डोळ्यांशी धरलं:
'झटापटीत गोळी सुटली.'
म्हणाले, "शाळा सुटते. गाठ सुटते.
माझ्या बायकोचा धीर सुटला, तो मी पाहिलाय.
गोळी, अध्यक्षबाई, झाडावी लागते.
या वाक्यातला कर्ता कुठंय?"
आणि पिवळा लागायच्या आत खाली बसले,
तासाची घंटा झाल्यासारखे.

मग लॉन्ड्रीवाला तो मुलगा, पाओ.
"कॅमेऱ्यात पहिला अर्धा मिनिट आवाजच नाही.
नुसते ओठ हलतात.
दुकानात येणारा प्रत्येक जण ते बघतो
आणि प्रत्येकाला वेगळंच ऐकू येतं."

इन्ग्रिड हाल्व्हर्सन, नवरा रात्रपाळीवर.
"अडीचला फोन वाजला की मी आधी
त्याचे बूट दारात आहेत का बघते.
तुमच्यापैकी कुणाला त्या चार सेकंदांत"
लाल.
मागून कुणीतरी हुर्यो केली,
कुणीतरी त्याला गप्प केलं.
तिचं वाक्य अजून तिथंच आहे,
माइकपासून वीतभर अंतरावर.

लुक्रिशिया टॉलिव्हर उठल्या तेव्हा
सगळे रडायला तयार होते.
त्यांनी पर्समधून एक बिल काढलं.
"ओरिनची गाडी अजून तुमच्या वखारीत आहे.
भाडं रोजचं पस्तीस डॉलर.
आज सत्तेचाळीस दिवस झाले,
एक हजार सहाशे पंचेचाळीस, माझ्या नावावर.
मागच्या सीटवर चर्चमधला मोठा ट्रे आहे.
मागून आणलेला. परत करायचाय."
अध्यक्षबाई म्हणाल्या,
हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही.
दिव्यावर सव्वीस सेकंद शिल्लक होते.
ते कुणीच मागितले नाहीत.

पुढचा विषय, क्रमांक सात:
रस्त्यावर टाकायच्या मिठाचं कंत्राट. एकमताने मंजूर.

त्याचं नाव सीलबंद आहे.
युनियनचा करार, नव्वद दिवसांची चौकशी.
पण माझा भाऊ वेंडल त्याच चौकीत आहे.
रविवारी मांस कापता कापता
त्याच्या तोंडून नाव सुटलं.
सुटलं, असंच म्हणाला तो.
वर म्हणाला, तू काही ऐकलं नाहीस.
आणि मग सुरी तशीच हातात धरून,
"पोरगा वाईट नाही गं. त्याला झोप येत नाही."
मी त्याला बटाटे वाढले.

आता टाइप करतेय.
'श्रीमती टॉलिव्हर वाहनाविषयी बोलल्या.'
बरोबर आहे. वाहनाविषयीच बोलल्या.
वर जाते. 'गोळी सुटली' खोडते.
'गोळी झाडली' लिहिते,
तर वाक्य लगेच जागा मागायला लागतं,
डाव्या बाजूला, सरकून बसा म्हणतं.
मी नुसता प्रत्यय लिहिते.

'ने गोळी झाडली.'

त्या 'ने'च्या अलीकडे कर्सर लुकलुकतोय.
पावणेदोन वाजलेत.
सकाळी नऊला हे सहीला जातं.