न आलेली ओळ

केमीत आज उणे सव्वीस.
खिडकीपलीकडे समुद्र थिजून पांढरा,
अलीकडे मी, आणि एकेचाळीस फाइली,
एकेक एकेका इमारतीच्या तळघरातली,
जिथं गरम पाण्याचे पंप
रात्रभर स्वतःशी पुटपुटतात:
वेळ, तापमान, दाब.
वेळ, तापमान, दाब.

सात नंबरात काल पहाटे पाइप फुटले.
"का ते शोध, हेल्वी," मार्त्ती म्हणाला
आणि जेवायला गेला.
गुरुवार. वाटाण्याचं सूप.

मी पर्लच्या सहा ओळी लिहिल्या.
फाइल उघड, ओळ घे, पाखड, पुढची घे.
'बिघाड' शोधला: चार हजार दोनशे.
'इशारा' शोधला: मोजणं सोडून दिलं.
यंत्रंही उठता-बसता
लांडगा आला रे आला करतात.

तीन घड्याळं तासभर पुढं होती,
अजून उन्हाळ्यातच;
त्यांना कुणी परत आणलंच नव्हतं.
मी आणलं.
मग सगळ्या ओळी एका दोऱ्यात ओवल्या
आणि सात नंबर वाचत गेले.

तीन वाजून दहा. झडप हातानं उघडली. ऊ. न.
दुसऱ्या रात्री तीन अकरा. ऊ. न.
नाताळच्या रात्रीसुद्धा, तीन वीस.
(तेवढा उशीर चालायचाच.)
चौदा जानेवारीपर्यंत.
पंधराला काही नाही.
बिघाड नाही, इशारा नाही,
'आज कुणी आलं नाही'
असंही कुठं लिहिलेलं नाही.
माझ्या सहा ओळी तिथून
बिनदिक्कत पुढं गेल्या होत्या.

"ऊ. न. कोण?"
मार्त्ती दारातच थांबला, मिशीला सूप.
"ऊर्हो. चौथ्या मजल्यावरचा. आपल्याकडंच होता,
रिटायर झाला. बर्फावर घसरला, खुबा मोडलाय."
आणि जरा वेळानं, जमिनीकडं बघत,
"ती झडप अडकते म्हणून
तीनदा अर्ज केला होता त्यानं."

मी काही बोलले नाही.
सातवी ओळ लिहिली:
जी रोज यायची
आणि आता येत नाही, ती दाखव.

पडदा थोडा वेळ काळाच राहिला.
मग एक पत्ता. मग दुसरा.
पुढं दोन-दोन अक्षरं,
कुणाची, आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.
पाचवा येईपर्यंत
मार्त्तीनं टोपी घातली होती,
आणि मी कानाला फोन लावून
पहिल्या इमारतीतली घंटा
वाजताना ऐकत होते.